जावळाचा सोयरा

पूर्व किनारा, ओराशनिक, हर्झेगोव्हिना
९ नोव्हेंबर १९९५

प्रिय विन्को,

अडीच वर्षांनंतरच्या पहिल्या पत्रात प्रकृतीची चौकशी करण्याची रीत आहे. ती मी वगळतो, कारण तुझी प्रकृती मला रोज कळते. माझी लेक अल्मासा युरोपीय प्रशासनाच्या कचेरीत दुभाषी आहे. ती तुमच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी पूल ओलांडून आली की भाकरीचा पहिला तुकडा मोडण्याआधीच सुरू होते : विन्कोकाका असं म्हणाले, विन्कोकाकांना खोकला झालाय, विन्कोकाकांनी अंजिरं दिली. काल मी तिला विचारलं, "तुझा बाप काय म्हणतो, ते तिकडे कुणाला सांगतेस का गं?" ती म्हणाली, "बाबा, तिकडे कुणी विचारत नाही."

तिचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं आहे. पुराव्यात फेरफार करू नये, हे आपण दोघांनी एकाच न्यायासनावर बसून इतरांना पुष्कळ वर्षं बजावलं.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या दुभंगलेल्या शहरावर युरोपातल्या पंधरा देशांनी मिळून एक प्रशासक नेमला. डेन्मार्कचे श्री. ओस्टरगार्ड हे सज्जन गृहस्थ आहेत, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणतो. त्यांची कचेरी तुमच्या बाजूच्या हॉटेलात आहे आणि त्यांच्या दारापासून दुसरं दार तुझं आहे. पूर्वेचा विधी सल्लागार म्हणून माझंही नाव कागदावर आहे. माझं दार शाळेच्या तळघराला आहे आणि ते आतून लागत नाही. आपण दोघेही एकाच पदाचे आहोत असं नेमणुकीच्या आदेशात लिहिलं आहे. ज्याने तो लिहिला त्याने तळघर पाहिलेलं नसावं.

शहराच्या मध्यभागी दोन्हीकडच्या लोकांना राहता येईल असा सामायिक पट्टा आखला जाणार, अशी वार्ता आहे. कोवाच गल्लीतलं माझं घर त्या पट्ट्यात येतं की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या मे महिन्यातल्या पहाटे तुमच्या बाजूच्या बंदूकधाऱ्यांनी मला आणि माझ्या बायकोला, शेरिफाला, तिथून पायातल्या सपातांनिशी बाहेर काढलं. शेरिफा पुढच्या हिवाळ्यात इकडेच वारली. परतायचं राहिलं आहे ते फक्त माझं.

त्या पहाटे तू समोरच्या खिडकीत होतास. मी वर पाहिलं नाही, त्यामुळे तुला पडदा ओढावा लागला की नाही, हे मला ठाऊक नाही.

रेशाद


पश्चिम किनारा
१३ नोव्हेंबर

कूम रेशाद,

पत्रात एकही शिवी नाही, म्हणजे राग अजून जिवंत आहे. बरं वाटलं.

प्रशासकसाहेबांच्या दारापासून दुसरं दार माझं, हे खरं. पहिलं दार संडासाचं आहे, हे अल्मासाने सांगितलेलं दिसत नाही. साहेब दिवसातून चार वेळा माझ्या दारावरून जातात, पण त्याचा अर्थ तू लावतोस तसा लावू नकोस. खरंच सांगतो, एवढ्या वेळात त्यांनी मला विचारलेला सर्वांत गंभीर प्रश्न हा : "मिस्टर विन्को, इथे लोक इतकी कॉफी पिऊन झोपतात कसे?" मी म्हटलं, "झोपत नाहीत साहेब, म्हणून तर हे सगळं झालं."

पडदा ओढला नव्हता. दार उघडलं नाही, हा खरा आरोप आहे. तू तो सौजन्यापोटी मांडला नाहीस, म्हणून मीच नोंदवून ठेवतो.

पट्ट्याबद्दल लिहिता येत नाही, शपथ घेतली आहे. मात्र झाडांबद्दल शपथ नाही. तुझ्या अंगणातलं डाळिंब यंदा लगडलं होतं. आता थंडी येते आहे, म्हणून त्याच्या बुंध्याला कुणीतरी पोतं गुंडाळलं आहे. ज्या झाडाचा धनी परतायचा नाही त्याला कुणी पोतं गुंडाळत बसत नाही. तू जन्मभर अनुमानं काढलीस, हेही काढ.

परवा अल्मासा तुझ्या नातवाला कचेरीत घेऊन आली. हारुनचे केस डोळ्यांत येतात रे. बाप युद्धात गेला म्हणून पोराचं जावळ किती दिवस राखणार? त्याने माझ्या टायवर बिस्किट पुसलं आणि मला "आजा" म्हणाला. वसंतात मुहूर्त धर. ज्या कात्रीने त्याच्या आईचं जावळ उतरवून मी तुझा कूम झालो, ती मी धार लावायला दिली आहे.

तुझा कूम,
विन्को


पूर्व किनारा
१७ डिसेंबर

प्रिय विन्को,

युक्तिवादाची सुरुवात व्याख्येने करावी. कूम म्हणजे जो मुलाचं जावळ उतरवतो आणि त्यामुळे त्या घराचा सोयरा होतो. रक्ताचा नसून, आणि आपल्या हर्झेगोव्हिनात पुष्कळदा धर्माचाही नसून. त्याच्याशी सोयरीक मोडता येत नाही, त्याच्या दारावर हात उगारता येत नाही, आणि त्याने जावळाच्या नात्याने काही मागितलं तर नाकारता येत नाही. आपल्या वाडवडिलांनी ही रीत अशासाठी घातली की ज्याची भीती वाटते त्याला घरचा करून टाकावं. तू ख्रिस्ती, मी मुसलमान, आणि अल्मासाची पहिली बट तुझ्या घरी आहे, ती याच रीतीने.

यावरून निष्कर्ष असा निघतो की कूम निवडताना प्रेम पाहू नये, सामर्थ्य पाहावं. म्हणून हारुनच्या जावळासाठी मी श्री. ओस्टरगार्डांना विचारलं.

ते मागच्या आठवड्यात माझ्या तळघरात आले होते. अल्मासा दुभाषी होती आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. मी म्हटलं, "माझ्या नातवाचे केस आपण कापावेत." साहेब हसले. "मला केस कापता येत नाहीत, पण मोठा आनंद होईल!" मग त्यांनी विचारलं, छायाचित्रकार किती असतील. अल्मासाने मला आपल्या भाषेत विचारलं, "बाबा, यांना कूम म्हणजे काय ते सांगू का?" मी म्हटलं, "नको. राज्यकर्त्याने आधी हो म्हणावं, अर्थ मागाहून कळावा." पंधरा देशांचा माणूस माझ्या घराचा सोयरा झाला, तर माझ्या घरावर कोण हात उगारील?

पोराने तुला आजा म्हटलं, हे तू लिहिलंस. तो मांजरालाही आजाच म्हणतो.

दुसरी गोष्ट. माझ्याकडे एक राजदूत कॉफीला आले होते. कोणत्या देशाचे ते लिहीत नाही. एवढंच की त्यांच्या देशाला हे प्रशासकपद हवं होतं आणि मिळालं नाही. ते ओस्टरगार्डांबद्दल ज्या सुरात बोलत होते तो सूर मला ओळखीचा वाटला, पण कुठे ऐकला ते आठवेना. "जज्जसाहेब, आमच्या राजधानीत तुमचं नाव आदराने घेतात," ते म्हणाले. दोन वर्षांत माझं नाव कुणी कोणत्याही प्रकारे घेतलं नव्हतं. त्यांनी मला सामायिक पट्ट्याचा कच्चा नकाशा दाखवला.

विन्को, तो नकाशा तुझा आहे. रेषा जुन्या कारंज्यापासून निघते आणि पाण्याच्या उताराने चालते. पाणीवाटपाच्या खटल्यात आपण हीच पद्धत वापरली होती. पद्धत मी सुचवली. निकालावर सही तुझी वर आली, कारण पेन तुझ्याकडे होतं. आणि तीच रेषा कोवाच गल्लीशी येऊन एक वळसा घेते आणि माझं डाळिंब आत ओढून घेते. सरळ गेली असती तर सोपं होतं. तो वळसा माझ्यासाठी आहे.

म्हणजे तीस वर्षं राहिलेलं माझं घर मला तुझ्या मेहेरबानीने मिळणार, आणि तू रोज समोरच्या खिडकीतून मला त्यात राहताना बघणार. मला माझं घर कायद्याने हवं आहे, कुणाच्या वळशाने नको. राजदूतांनी माझं मत लेखी मागितलं आहे.

रेशाद


पश्चिम किनारा
९ जानेवारी १९९६

रेशाद,

कात्री परत आणली. धार उत्तम लागली आहे. खणात ठेवली.

साहेबांना कूम करतो आहेस, कर. पण तुझ्या व्याख्येत एक शब्द राहिला. कूम म्हणजे जो जात नाही. मुसलमानाला तुर्कच म्हणणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनी माझ्या बापाला रागाने विचारलं होतं, "त्या तुर्काच्या पोरीचं जावळ तू कशाला उतरवू दिलंस पोराला?" तो म्हणाला, "आता उतरवलंय. केस परत चिकटवता येत नाहीत." ओस्टरगार्ड चांगला माणूस आहे, पण त्याच्या कपाटाला बॅग टेकून उभी असते, आणि ती कधी रिकामी नसते. मी रोज पाहतो. शेवटी दुसरं दार माझं आहे!

आता हसणं पुरे. इथे काय चाललंय ते तुला तळघरातून दिसत नसेल. प्रत्येक देशाचा एक राजदूत शहरात हिंडतो आहे आणि प्रत्येक जण कुणाचं ना कुणाचं मत गोळा करतो आहे. एका देशाला आमच्या बाजूचे लोक दुखवायचे नाहीत, दुसऱ्याला पहिल्याचा मोठेपणा नको, तिसऱ्याला वाटतं की तहाची बैठक आपल्याच राजवाड्यात व्हावी, झुंबरं चांगली आहेत म्हणून. बारा भाईंची खेती, काय लागेल हाती? इथे तर पंधरा भाऊ आहेत. ओस्टरगार्डने पट्टा जाहीर केला की आमचे गुंड रस्त्यावर येतील, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी हे पंधरा जण त्याच्या पाठीशी उभे राहतील की नाही, एवढ्याच बळावर तो नकाशा उभा आहे. त्यांना माघार घ्यायला निमित्त हवं आहे. पश्चिमेने नाही म्हटलं, तर ते निमित्त ठरत नाही. पश्चिम नाही म्हणणारच. पूर्वेच्या एखाद्या मोठ्या कायदेपंडिताने नाही म्हटलं, तर मात्र ठरतं.

तू काही लिहू नकोस. दुरुस्ती सुचवायची असेल, नकाशावर तुझं नाव हवं असेल, तर मला सांग. मी माझं नाव खोडतो आणि तुझं घालतो. माझ्या नावाचं मला लोणचं घालायचं नाही.

आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. अल्मासाच्या जावळाच्या नात्याने हे मागतो.

विन्को


पश्चिम किनारा
२७ फेब्रुवारी

श्री. रेशाद,

जानेवारीतल्या माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. ते का आलं नाही, हे आता समजलं. पत्र तुला मिळालं तेव्हा तुझं मत रवाना होऊन तीन आठवडे झाले होते.

घटनाक्रम देतो, कारण तो तुला आवडतो. पट्टा जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी हॉटेलसमोर जमाव आला. साहेब गाडीत बसले होते आणि तासभर लोक त्या गाडीवर काठ्या मारत होते. आमचे पोलीस फुटपाथवर उभे राहून बघत होते. साहेब खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा थर्मास तसाच होता. ते मला म्हणाले, "आता युरोप आपल्या बाजूने उभा राहील."

युरोपने परराष्ट्रमंत्र्यांची बैठक बोलावली. झुंबरं चांगली होती. साहेबांबरोबर मी आणि अल्मासा गेलो होतो. गाडीवर काठ्या मारणाऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिल्याच तासात तुझ्या राजदूताच्या मंत्र्याने एक कागद काढला आणि म्हटलं, "पूर्वेच्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मते हा आदेश उभय पक्षांना न ऐकता काढलेला असून सदोष आहे." कागद परक्या भाषेत होता. साहेबांनी अल्मासाला तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. आपल्या बापाची वाक्यं तिने आधी त्यांच्या भाषेत वाचली, आणि मग माझ्यासाठी आपल्या भाषेत. ती कुठेही अडखळली नाही. तू तिला चांगलं शिकवलं आहेस.

युक्तिवाद निर्दोष होता. मी न्यायासनावर असतो तर तुझ्या बाजूने निकाल दिला असता. तुला संयुक्त समिती नेमून, नव्याने ऐकून, तुझ्या हाताने हाच पट्टा काढून हवा होता, हे मला कळलं. मंत्र्यांना तेवढं शेवटपर्यंत वाचायचं नव्हतं. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता की आधी तो साहेबांची बाजू सोडतो का. सगळ्यांनी एकदमच सोडलं.

सामायिक पट्टा आता जुन्या शाळेचं अंगण, बंद पडलेली बँक आणि मोठ्या रस्त्याचा एक तुकडा, एवढाच उरला आहे. कोवाच गल्ली बाहेर. डाळिंब बाहेर.

साहेबांनी राजीनामा दिला. शुक्रवारी जातील. हे अधिकृत पत्र समजावं.

विन्को


पूर्व किनारा
५ मार्च

विन्को,

तुझ्या २७ तारखेच्या पत्रातलं विधान सिद्ध आहे. माझ्याकडे प्रतिवाद नाही. तुझं जानेवारीचं पत्र मी चार वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी मला राग आला तो एकाच गोष्टीचा, की आपलं नाव खोडायला तू इतक्या सहज तयार झालास. मला ते कधी जमलं नसतं. मत्सराचं हे शेवटचं टोक असावं. याच्या पुढे रस्ता नाही, असं मला पाहणीवरून वाटतं.

श्री. ओस्टरगार्ड निरोप घ्यायला आले होते. तळघरात उभेच राहिले. हारुनच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "केसांचं राहून गेलं, माफ करा." त्यांनी पोराला चांदीचा एक चमचा दिला. ते गेल्यावर अल्मासा म्हणाली, "बाबा, आता तरी सांगायला हवं होतं त्यांना, कूम म्हणजे काय ते." मी म्हटलं, "त्यांचा दोष नाही. ज्यांना जायचं असतं त्यांच्या हाती मीच कात्री देत होतो." त्यावर ती खाली बसली, आणि तिने जे सांगितलं त्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे.

तू मला घटनाक्रम दिलास, पण त्यातून तुझा भाग वगळलास. तुझ्या काचा फोडल्या. तुझी गाडी जाळली. भिंतीवर तुझं नाव लिहून खाली लिहिलं आहे, याने आपली गल्ली विकली. नकाशा कुणी काढला हे साहेब पदावर असेपर्यंत गुप्त होतं. त्यांनी राजीनामा दिला आणि कागद उघडे राहिले. तू पुठ्ठे लावलेल्या खिडकीमागे बसतोस आणि कचेरीतल्या पोरांना विनोद सांगतोस. मी अल्मासाला विचारलं, "मला हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "विन्कोकाकांनी शपथ घातली होती. म्हणाले, रेशादला कळलं तर तो यावर एक मत लिहील."

माझं यावर मत नाही. मागणी आहे.

मंत्र्यांनी आपल्याला जुन्या शाळेचं अंगण ठेवलं आहे. तुलाही तिथे उभं राहता येतं आणि मलाही, आणि कागदोपत्री अजून पंधरा देशांची त्यावर हमी आहे. तिची किंमत आपण जाणतो. पण एक खुर्ची ठेवण्यापुरती जागा आहे. पोराला जावळ आहे. येत्या रविवारी, तुझी प्रार्थना आटोपल्यावर, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तू तिथे कात्री घेऊन यावंस. तुमच्याकडच्या पोरांनी बघावं. कुणाचं घर कुणाचं आहे हे त्यांना कायद्याने कळलं नाही. केसांच्या बाबतीत त्यांच्या आज्यांनी त्यांना काहीतरी शिकवलेलं असेल. नंतर आमच्या बाजूला यायचं असलं तर तळघरात दुसरी खाट आहे. दार आतून लागत नाही, हे पूर्वी कळवलंच आहे.

तू मागितलंस तेव्हा माझ्याकडून ते पाळलं गेलं नाही. तरीही मी मागतो आहे. हे अन्याय्य आहे आणि मला त्याची जाणीव आहे. अल्मासाच्या जावळाच्या नात्याने मागतो. ये.

पहिली बट या खेपेस माझ्याकडे राहील. मागची तुझ्याकडे आहे.

रेशाद


पश्चिम किनारा
६ मार्च

कूम रेशाद,

नाकारता येत नाही हे तुला माहीत होतं, म्हणूनच मागितलंस. जन्मात पहिल्यांदा तू माझ्याशी असा वाद घातलास ज्यात तुला युक्तिवाद करावाच लागला नाही.

येतो. अल्मासाला सांग, पोराला आधी खाऊ घाल, उपाशी पोर कात्रीखाली वळवळतं. बटेवर तिथे भांडू. ती माझी आहे, रीत तशी आहे, आणि तुला ती ठाऊक आहे. खाटेचं नंतर बघू. पुठ्ठ्यामागून रस्ता कमी दिसतो, पण दिसतो, आणि कुणीतरी इथे राहायला हवं.

खुर्ची तू आण. पोर तुझ्याच मांडीवर बसेल. शाळेच्या फाटकाकडे पाठ करून ठेव. तिथून कोवाच गल्लीचं तोंड नीट दिसतं आणि माझ्या खिडकीसमोरची तुझ्या अंगणाची भिंत. तुझ्या घरात आता राहतो तो माणूस वाईट नाही, पण झाडातलं त्याला काही कळत नाही. शनिवारी मी जाऊन पोतं सोडून येतो. कोंब आले असतील, तर तुला बसल्या जागेवरून दिसतील.

मी मागे उभा राहून कापीन. तू पुढे बघ.

विन्को